पोटाखालचा पिवळा मणी

तो व्हिडिओ मी लागोपाठ तीनदा पाहिला. कुठला तरी किनारा, ओली वाळू आणि वाळूवर उताणं पडलेलं भलंमोठं पाकट, म्हणजे स्टिंगरे मासा. पोटाची पांढरी बाजू वर, तोंडाची उघडमीट चाललेली. शेजारी एक माणूस गुडघे टेकून बसलेला. त्याने मादीच्या शेपटीच्या मुळाशी अंगठ्याने हलकेच दाबलं, तसं आतून सुरळीसारखं काहीतरी सरकत बाहेर आलं, वाळूवर पडलं, उलगडलं आणि बघता बघता तळहाताएवढं पिल्लू झालं. मग दुसरं. मग तिसरं. भोवतीची माणसं हरखून गेली होती, कोणी टाळ्या वाजवत होतं. त्या माणसाने एकेक पिल्लू ओंजळीत घेतलं आणि पाण्यात नेऊन सोडलं.

माझे डोळे भरून आले होते. मी तो व्हिडिओ लगेच भाचीला पाठवला. ती दहावीत आहे आणि जीवशास्त्राचं पुस्तक गोष्टीच्या पुस्तकासारखं वाचते. 'बघ, माशाचं बाळंतपण,' असं वर लिहिलं. पाच मिनिटांत तिचं उत्तर आलं : 'मावशी, पिल्लाच्या पोटाखाली ते पिवळं काय लोंबतंय?'

मी पुन्हा पाहिलं. खरंच, हरभऱ्याएवढा एक पिवळा मणी बारीकशा दोऱ्याने पोटाला चिकटलेला होता. तीनदा पाहूनही मला तो दिसला नव्हता. 'नाळ असेल गं,' मी लिहून टाकलं. 'माशाला नाळ असते?' तिने विचारलं. त्यावर मी एक हसरा चेहरा पाठवला आणि विषय संपवला.

माझ्यापुरता तो संपला नाही. ठाऊक नसताना ठाऊक असल्यासारखं बोललो की ते मागे लागतंच. मी वाचायला बसले आणि पुढचे कित्येक आठवडे पाकटांच्या पोटातच राहिले.

मासा म्हटलं की आपल्या मनात अंडी येतात, तीही ढिगाने. कॉडसारख्या माशाची मादी एका हंगामात लाखोंनी अंडी पाण्यात सोडते आणि त्यांचं पुढे काय व्हायचं ते समुद्रावर सोपवते. पाकटांचा हिशेब पहिल्यापासूनच वेगळा. ही मुशीच्या, म्हणजे शार्कच्या, गोतावळ्यातली. अंगात हाड नाही, सगळा सांगाडा कूर्चेचा. शेपटीवर विषारी काटा असलेल्या सगळ्या पाकटांची पिल्लं आईच्या पोटात वाढतात आणि जिवंत जन्माला येतात. एका वेळी एक, दोन, चार, फार तर दहाच्या आसपास. लाखांच्या जागी चार!

त्या चारांची सुरुवात होते वाळूत पुरून घेतलेल्या एका मादीपासून. पाकटं उथळ पाण्यात तळाशी बसतात, पर हलवून अंगावर वाळू ओढून घेतात, आणि मग वर उरतात फक्त दोन डोळे आणि डोळ्यांमागची दोन श्वासरंध्रं. गढूळ पाण्यात ती आपल्याला दिसत नाही, नरालाही दिसत नाही. तरी तो तिला शोधतो. पूर्व पॅसिफिकच्या किनाऱ्यावर राहणाऱ्या गोल पाकटांचं पाण्याखाली निरीक्षण करून टिमोथी ट्रिकास आणि सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये याचा उलगडा मांडला. प्रत्येक जिवंत शरीराभोवती विजेचं अतिशय क्षीण क्षेत्र असतं. मादी श्वास घेते, तोंड आणि कल्ल्यांच्या फटी उघडतात-मिटतात, आणि त्या तालावर हे क्षेत्र कमी-जास्त होत राहतं. नराच्या कातडीत जेलीने भरलेल्या बारीक नळ्या असतात. स्टेफानो लोरेन्झिनी या इटालियन वैद्याने १६७८ मध्ये त्यांचं वर्णन केलं, म्हणून त्यांना लोरेन्झिनीच्या कुप्या म्हणतात. त्या कुप्यांना वाळूखालचा तो ताल कळतो.

म्हणजे ती नुसती श्वास घेत असते आणि तेवढ्यावरून तो तिच्यापर्यंत पोहोचतो. ही ओळ वाचून मी पुस्तक मिटलं आणि थोडा वेळ तशीच बसून राहिले. मादीलाही ही जाण असते. ती या जाणिवेने पुरून बसलेल्या दुसऱ्या माद्या शोधते आणि त्यांच्या शेजारी जाऊन स्वतःला पुरून घेते.

पुढचा भाग मात्र हळुवार नाही. नर मादीच्या अंगाची कड दातांत धरतो, तिला धरून राहतो, मग तिच्या खाली सरकून पोटाला पोट लावतो. नराच्या ओटीपोटाच्या परांना आतल्या बाजूने दोन दांड्यांसारखे अवयव असतात, त्यांना आलिंगक म्हणतात. त्यातला एक आत घालून तो शुक्राणू सोडतो. माद्यांच्या परांवर या चाव्यांचे व्रण राहतात, आणि संशोधक त्या व्रणांवरून समागमाचा हंगाम ओळखतात.

यात मला सगळ्यात चकित केलं ते दातांनी. अमेरिकेच्या आग्नेय किनाऱ्यावरच्या अटलांटिक पाकटाचा अभ्यास स्टीफन काजिउरा आणि ट्रिकास यांनी १९९६ मध्ये प्रसिद्ध केला. या जातीच्या मादीचे दात वर्षभर फरशीसारखे सपाट असतात, शिंपल्या-खेकडे भरडायला योग्य. नराचेही एरवी तसेच. पण समागमाचा काळ आला की त्याचे नवे दात टोकदार आणि आत वळलेले येतात, मादीची कड निसटू नये म्हणून. हंगाम सरला की पुन्हा सपाट. या कुळातल्या माशांचे दात आयुष्यभर पडून नवे येत राहतात. त्यामुळे ते शक्य होतं खरं, पण एका ऋतूपुरतं तोंडच बदलून घ्यायचं ही कल्पना मला कुठल्याही कथेत सुचली नसती.

याच पाकटांचा समागम ऑक्टोबरपासून वसंतापर्यंत चालतो आणि मादीची अंडी मात्र तयार होतात वसंतात, म्हणजे एवढ्या लांब काळाच्या शेवटी. मग उन्हाळ्यात सुमारे चार महिन्यांचं गर्भारपण आणि एक ते चार पिल्लं. फ्लोरिडातल्या सेंट जॉन्स नदीत तर ही पाकटं समुद्राकडे न फिरकता गोड्या पाण्यातच जन्मतात, वाढतात आणि वितात. त्याच किनाऱ्यावर त्यांची एक बहीणजात आहे, बोथट नाकाची. तिचं वेळापत्रक आणखी चमत्कारिक आहे. उन्हाळ्याच्या तोंडाशी गर्भ धरतो आणि लगेच थांबतो. पेशींची एक चिमुकली चकती होऊन तो गर्भाशयात नुसता पडून राहतो. पावसाचे, थंडीचे महिने जातात, त्याची वाढ नाही. पुढच्या वसंतात पाणी तापायला लागलं की तो जागा होतो आणि शेवटच्या काही आठवड्यांत भराभर वाढून जन्माला येतो. पोट न दिसता ती मादी वर्षाचा बहुतेक काळ गर्भार असते.

आता तो पिवळा मणी.

गर्भ वाढायला लागतो तेव्हा त्याच्यापाशी शिदोरी असते ती बलकाची. अंड्यातला बलक एका पिशवीत असतो, पिशवी देठाने गर्भाच्या पोटाला जोडलेली असते. पण ही शिदोरी अगदीच तुटपुंजी. अंडी घालणाऱ्या त्यांच्या चुलत जातींमध्ये पिल्लू बलकावरच वाढतं, म्हणून जन्मताना त्याच्यात मूळ अंड्यापेक्षा कमीच ऐवज उरलेला असतो. पाकटाचं पिल्लू जन्मताना मूळ अंड्याच्या कितीतरी पट जड असतं. एवढी भर कुठून आली?

याचं उत्तर कलकत्त्यात मिळालं, हे वाचून मला मनापासून आनंद झाला. तिथल्या इंडियन म्युझियमचे जेम्स वूड-मेसन आणि 'इन्व्हेस्टिगेटर' या सागरी सर्वेक्षणाच्या जहाजावरचे डॉक्टर-निसर्गअभ्यासक आल्फ्रेड अल्कॉक यांनी १८९१ मध्ये रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात एक निबंध लिहिला. विषय होता फुलपाखरू पाकटाचं गर्भाशय. पतंगासारखं रुंद अंग असलेला हा मासा. त्याच्या गर्भवती मादीचं गर्भाशय उघडलं तर आतला पृष्ठभाग मखमलीसारखा, लालसर तंतूंनी गच्च भरलेला. या तंतूंना नाव मिळालं ट्रोफोनेमाटा, म्हणजे पोसणारे धागे. त्यांच्यातून दाट, दुधाळ रस पाझरतो, प्रथिनं आणि स्निग्धांशांनी भरलेला. शास्त्रज्ञ त्याला सरळ गर्भाशयातलं दूध म्हणतात.

फुलपाखरू पाकटात तर हे तंतू जुड्या करून पिल्लाच्या डोळ्यांमागच्या श्वासरंध्रांतून आत शिरतात आणि थेट घशात दूध सोडतात. पुढे आयुष्यभर ज्या छिद्रांतून ते मूल वाळूखाली श्वास घेणार, त्याच छिद्रांतून आई त्याला आधी भरवते. मी हे भाचीला सांगायला फोन उचलला आणि परत ठेवला. आधी मणी नीट कळू दे म्हटलं.

दूध पोटात जातं, कातडीतूनही शोषलं जातं. गर्भाच्या कल्ल्यांना सुरुवातीला बाहेर लांब लांब तंतू फुटलेले असतात, तेही कामी येतात. प्राणवायूही याच मखमलीतल्या रक्तवाहिन्यांमधून मिळतो. बऱ्याच पाकटांमध्ये हे सगळं फक्त डाव्या बाजूच्या गर्भाशयात चालतं, उजवं आखडून गेलेलं असतं. त्या एका कोठडीत दोन-चार पिल्लं, पर अंगाभोवती लपेटून, सुरळ्या होऊन एकमेकांना खेटून असतात. नाळ नाही, वार नाही. भाचीचा प्रश्न बरोबर होता.

दूध सुरू झालं की बलकाची पिशवी आक्रसत जाते. दिवस भरेपर्यंत ती पोटात पूर्ण जिरलेली असते आणि जन्मलेल्या पिल्लाच्या पोटाखाली काही लोंबत नाही. नुसती एक बारीक खूण असते, तीही लवकरच बुजते.

आणि व्हिडिओतल्या पिल्लाला मणी होता.

मला तेव्हाच कळायला हवं होतं. पण मनाला गोड वाटलेली गोष्ट मन सहज सोडत नाही. मी स्वतःला समजावलं की एखाद्या जातीत राहतही असेल तो मणी. मग काही दिवसांनी तो अभ्यास हाती लागला. २०१८ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी शार्क आणि पाकटांबद्दलच्या जुन्या नोंदी एकत्र केल्या आणि त्याबरोबर लोकांनी समाजमाध्यमांवर टाकलेले, मी पाहिला तसले, व्हिडिओही तपासले. पकडलं गेल्यावर पोटातली पिल्लं टाकून देणं, हा त्यांचा विषय. जिवंत पिल्लं देणाऱ्या ८८ जातींमध्ये हे घडल्याची नोंद त्यांना सापडली. ज्या जातींचे आकडे उपलब्ध होते त्यांत पकडलेल्या गर्भार माद्यांपैकी सरासरी २४ टक्के माद्या गर्भ टाकतात. लोक ज्याला जन्म समजून टाळ्या वाजवतात, ते बहुतेक वेळा गर्भपात किंवा अकाली प्रसूती असते, असं त्यांनी स्पष्ट लिहिलं होतं.

गळ, दोरी, ओढाताण, पाण्याबाहेरचं गुदमरणं, उलटं पाडणं. मादीचं शरीर या सगळ्याला एकच उत्तर देतं आणि गर्भाशय रिकामं करतं. पिल्लू हलतं, पर मारतं, म्हणून जिवंत दिसतं. पण पोहायला, शिकार करायला, वाळूत लपायला लागणारं अंग अजून तयार नसतं, आणि आईचं दूध तर मागे आतच राहिलं. मादी परत पाण्यात जाते आणि पोहत निघूनही जाते. म्हणून पकडणाऱ्याच्या नोंदीत 'जिवंत सोडली' असं येतं. त्या नोंदीत पिल्लांसाठी रकानाच नसतो.

दिवस भरलेला जन्म कसा असतो तेही मग मी मुद्दाम शोधून पाहिलं, एका मत्स्यालयाच्या टाकीत टिपलेला. मादी तळाजवळ बेचैन फिरत होती. तिने पाठ किंचित उचलली आणि क्षणात एक सुरळी पाण्यात सुटली. कोणी हात लावला नाही. सुरळी खाली येता येता उलगडली आणि एकदम, थबकण्याआधीच, पर लाटांसारखे हलवत पोहायला लागली. आईची अगदी हुबेहूब छोटी प्रत, शेपटीवरच्या काट्यासह. तो काटा आईला आतून लागू नये म्हणून त्यावर मऊ कातडीचं म्यान असतं, ते जन्मानंतर गळतं. मी चित्र थांबवून पोट पाहिलं. स्वच्छ, पांढरं.

इतकी तयारी करून धाडलेलं असतं म्हणूनच पुढे आई सांभाळत नाही. पिल्लू पहिल्या दिवसापासून स्वतःचं स्वतः. तिची सगळी आईपणाची मेहनत आत असताना होऊन गेलेली असते. त्यासाठी ती जागाही निवडते. फ्लोरिडात झालेल्या एका प्रयोगात गर्भार अटलांटिक पाकटांनी इतरांपेक्षा थोडं अधिक ऊबदार पाणी पसंत केलं. उबेत गर्भ लवकर वाढतो. दक्षिण कॅलिफोर्नियात सील बीचजवळ वीजकेंद्रांचं गरम पाणी नदीमुखातून समुद्रात येतं आणि तिथे गोल पाकटांचे थवेच्या थवे जमतात. पाणथळ खाड्या, कांदळवनं, नदीची मुखं अशा उथळ जागी ती येतात, कारण मोठे शिकारी तिथे कमी असतात आणि पिल्लांना खाणं मिळतं. नेमक्या त्याच जागी आपणही असतो, गळ टाकून, जाळं लावून, पाण्यात पाय सोडून. आपलं सांडपाणीही तिथेच येतं. सील बीचच्या पाकटांवरच केडी लायन्स आणि क्रिस्टोफर लोव या संशोधकांनी दाखवून दिलं की पूर्वी कारखान्यांत वापरलेली आणि आता बंदी असलेली पीसीबीसारखी रसायनं आईच्या अंगातून बलकाबरोबर आणि दुधाबरोबर गर्भात उतरतात. जे पोसतं, त्याच वाटेने हेही जातं.

पोटात काय चाललंय याबद्दल माणसं फार लवकर निष्कर्ष काढतात, मीही काढला. २०२४ च्या फेब्रुवारीत नॉर्थ कॅरोलायनातल्या हेंडरसनव्हिल गावच्या एका छोट्या मत्स्यालयातली शार्लट नावाची गोल पाकट मादी जगभर गाजली. टाकीत तिच्या जातीचा नर नाही आणि ती गर्भार आहे, असं जाहीर झालं. नराविना पिल्लं होणं, म्हणजे अनिषेकजनन, या कुळात खरोखर घडतं. ठिपकेदार गरुड पाकटात ते नोंदलं गेलंय, आणि करवती माशात तर मोकळ्या निसर्गात घडल्याचं २०१५ मध्ये सिद्ध झालं. त्यामुळे लोक वाट बघत राहिले. महिने गेले, पिल्लं आली नाहीत. मेच्या अखेरीस कळलं की तिला प्रजननसंस्थेचा आजार आहे, आणि उन्हाळ्यातच ती गेली. तिच्या पोटाकडे लोक इतके दिवस आनंदाने बघत होते, तेव्हा तिला काय होत असेल, हा विचार मला अजून सोडत नाही.

एका वेळी चार पिल्लं देणाऱ्याचं गणित फार नाजूक असतं. काहींचं त्याहूनही. अमेरिकेच्या चेसापीक उपसागरात येणाऱ्या गायनाक्या पाकटाची मादी सात-आठ वर्षांची झाल्यावर वयात येते, जवळपास वर्षभर गर्भ वागवते आणि पिल्लू देते एक. २००७ मध्ये एका गाजलेल्या निबंधाने शिंपल्यांच्या नाशाचं खापर या पाकटांवर फोडलं आणि त्यांना मारणं पुण्याचं काम ठरलं. उन्हाळ्याच्या सुरुवातीला गर्भार माद्या उपसागरात येत, तेव्हाच धनुष्यबाणाने त्यांना मारण्याच्या स्पर्धा भरत. २०१६ मध्ये दुसऱ्या संशोधकांनी तो निष्कर्ष तपासून खोडून काढला, आणि २०१७ मध्ये मेरीलँडने या स्पर्धा थांबवल्या. दहा वर्षं गेली मध्ये. तेवढ्या काळात वयात आलेली मादी, काही झालं नाही तर, फार फार तर दहा पिल्लं देते.

आणि जावाचं ते छोटं पाकट. १८६२ मध्ये जाकार्ताच्या मासळी बाजारात त्याचा एक नमुना मिळाला, विज्ञानाला ठाऊक असलेला एकमेव. त्यानंतर कोणाला ते सापडलं नाही. डिसेंबर २०२३ मध्ये ते नामशेष झाल्याचं जाहीर झालं. माणसामुळे संपलेला समुद्री मासा म्हणून नोंदला गेलेला हा पहिलाच. त्याची पिल्लं किती व्हायची, किती महिन्यांनी, कुठल्या पाण्यात, हे विचारायला आता कोणी उरलेलं नाही.

हे सगळं वाचून झाल्यावर एका रात्री मी भाचीला लिहिलं. ती नाळ नव्हती, बलकाची पिशवी होती. दिवस भरले नव्हते. मी तुला चुकीचं सांगितलं आणि चुकीचं काहीतरी सुंदर म्हणून दाखवलं. पाकट गळाला लागलंच तर काय करावं तेही लिहिलं : शक्यतो पाण्याबाहेर काढू नये, उलटं करू नये, पोट दाबू नये, काट्यापासून दूर राहून दोरी कापावी आणि जाऊ द्यावं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग तिने लिहिलं, 'मावशी, तिन्ही?'

मी व्हिडिओ पुन्हा उघडला, आवाज बंद करून. पहिल्या पिल्लाला मणी आहे. दुसऱ्याला आहे, थोडा मोठाच. तिसरं त्या माणसाच्या ओंजळीत पालथं आहे, त्यामुळे नीट दिसत नाही. तो पाण्यात दोन पावलं जातो, वाकतो, हात उघडतो. पिल्लू दोन्ही पर एकदा वर घेतं, एकदा खाली, आणि पाण्यात जरासं कलतं. तेवढ्यात पोटाखाली पिवळं काहीतरी चमकतं. मग कॅमेरा आईकडे वळतो.